इनामगावच्या बांधासाठी पैसे उभे करायला हवेत

माझी आजी 1972च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. डोक्यावर मातीची पाटी आणि दुपारी सुकडी. भराव घालताना प्रत्येक थरावर पाणी मारून चोपावं लागायचं, नाहीतर पहिल्याच पावसात बांध फुटतो, हे ती शेवटपर्यंत सांगायची. आम्ही शिरूर तालुक्यातले. त्यामुळे इनामगावच्या उत्खननाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा घरं, मडकी, सांगाडे सगळं वाचून झालं, पण मन अडकलं ते तिथल्या बांधावर.

घोडनदीकाठची ही पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी 1968 ते 1983 या काळात खणली. इ.स.पू. 1600 ते 700 एवढी तिथली वस्ती. शंभराहून जास्त घरं सापडली. गेलेल्या लेकराला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. ते चित्र पाहिल्यावर मला बराच वेळ पुढचं पान उलटवता आलं नव्हतं. आणि वस्तीच्या कडेला दगडमातीचा, सुमारे 240 मीटर लांबीचा बांध, त्याच्याजवळ खोदलेला पाट. नदीला पूर आला की पाणी वळवून शेताला द्यायचं. लोखंडाची पहार नाही, फावडं नाही, अशा काळात. एका घराचं हे काम नव्हे. कुणीतरी गाव गोळा केलं असणार, कुणाच्या वाट्याला किती हात ते ठरवलं असणार.

वस्तीच्या शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस हटत गेला हे त्याचं कारण ढवळीकरांनी मांडलं. आता मला सांगा, बांध नेमका कधी घातला? सुगीच्या दिवसांत, की आभाळ दगा द्यायला लागल्यावर? किती वेळा फुटला, किती वेळा दुरुस्त केला? पाट गाळानं कधी भरला, आणि भरल्यावर कुणी उपसला का? शिरूरच्या माणसाला हे प्रश्न पुस्तकी वाटू शकत नाहीत.

यातल्या बऱ्याच प्रश्नांना हात घालायची साधनं आज आहेत. मातीच्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं हे प्रयोगशाळेत काढता येतं. त्यासाठी पोलादी नळी थरात आडवी ठोकायची, दोन्ही तोंडं बंद करायची आणि नमुन्याला उजेड लागू न देता न्यायचा. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत हे काम होतं. जमिनीला हात न लावता, चुंबकीय मोजणी करून खालचे पाट आणि भिंती शोधता येतात. पण नमुन्यांची तपासणी, यंत्र, गाडीभाडं, दोन-तीन संशोधक विद्यार्थ्यांचं मानधन, सगळ्याला पैसा लागतो. आणि खणण्यापेक्षा खणल्यानंतरच्या अभ्यासाला जास्त वर्षं लागतात. 1983ला खोदकाम थांबलं, सविस्तर अहवाल 1988ला छापून आला.

मागे एका कंपनीत मी हा विषय घेऊन गेलो होतो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात दाखवण्यासारखं काय आहे? फलक कुठे लावायचा?" मी गप्प बसलो. आज बसलो नसतो. गडांवर आपली पोरं रविवारी घाम गाळतात, मंदिराच्या जीर्णोद्धाराला घराघरातून वर्गणी निघते, हे मला मनापासून आवडतं. पण मातीच्या बांधाला ना कळस ना बुरूज, म्हणून त्याच्या वाट्याला काहीच येऊ नये का?

अमेरिकेत ओहायो राज्यात चिलिकॉथी गावाजवळ जंक्शन ग्रुप नावाची मातीची प्राचीन बांधकामं आहेत, सुमारे दोन हजार वर्षांची. नांगरून नांगरून पार सपाट झालेली, डोळ्यांना जवळपास काहीच दिसत नव्हतं. त्यांचे आकार कळले ते 1848मध्ये छापलेल्या नकाशावरून आणि अलीकडच्या चुंबकीय मोजणीतून. 2014च्या मार्चमध्ये ते शेत लिलावात निघालं, तेव्हा संस्थांनी लोकांना हाक घातली, देणग्या आल्या आणि जमीन वाचली. म्हणजे न दिसणाऱ्या मातीसाठीही माणसं खिशात हात घालतात. त्यांना नीट समजावून सांगणारं कुणी लागतं.

आपल्याकडे तेवढी उसंत नाही. पांढरीची माती शेताला चांगली म्हणून महाराष्ट्रात किती टेकाडं गाड्या भरभरून काळीत गेली, त्याला गणती नाही. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच्या पायाखाली काय आहे हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

एक मात्र स्पष्ट सांगतो. हौसेनं कुणीही कुदळ घेऊन जायचं नाही. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पैसेही माझ्याकडे किंवा कुणा एकट्याकडे द्यायचे नाहीत. ते संशोधन करणाऱ्या संस्थेच्या खात्यात, ठरलेल्या कामासाठी, पावती घेऊन जायला हवेत. वारशाच्या कामासाठी देणग्या घेणारा सांस्कृतिक मंत्रालयाचा राष्ट्रीय संस्कृती निधी 1996पासून आहे. कंपन्यांनी सामाजिक जबाबदारीचा पैसा (सीएसआर) कोणत्या कामांवर खर्च करायचा याची यादी 2013च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, आणि तिच्यात राष्ट्रीय वारशाचं जतन हा विषय आहे. आणि आपल्याच तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी आहे!

तिथे नोकरीला असलेल्या मित्रांनो, तुमच्या सीएसआर विभागात कोण बसतं, यंदाचे प्रस्ताव कधीपर्यंत घेतात, एवढं विचारून मला कळवा. संशोधन संस्थेकडे जाऊन कामाचा आराखडा मागायचं मी करतो. शाळामास्तर असाल तर पोरांना एकदा इनामगावला घेऊन जा. आणि गावातल्या कुणाच्या घरी त्या उत्खननावर पाट्या उचललेलं म्हातारं माणूस असेल, तर त्याचं बोलणं मोबाईलवर आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा.