बाबा, मला आधी फोन का नाही केलात?

गेल्या महिन्यात आमच्या बाबांना 'डिजिटल अरेस्ट' झाली, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसांनी घरातच 'अटक' केली. असलं काही कायद्यात नाहीच हो, खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या मन की बातमध्ये सांगितलेलं, आणि बाबांनी तो भाग ऐकलेला पण होता, ते एकही चुकवत नाहीत. अमिताभची ती सायबरवाली कॉलर ट्यून तर घरात सगळ्यांना पाठ. तरी झालं.

आधी कुरिअरवाला, तुमच्या आधारवर पार्सल गेलंय त्यात ड्रग्ज सापडलेत. मग त्यानेच फोन 'क्राइम ब्रँच'ला जोडून दिला, मग व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल, समोर खाकीतला माणूस. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही आणि घरात कुणाला बोललात तर त्यांचंही नाव केसमध्ये येईल. हे शेवटचं वाक्य म्हणजे खरा फास, बाकी नुसती सजावट. बाबांनी आतल्या खोलीचं दार लावलं, फोन बीपीच्या गोळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि दुपारपासून रात्रीपर्यंत बसून राहिले, डबा समोर असून गोळी घेतली नाही. बाथरूमला जायला परवानगी मागत होते. 35 वर्षं शाळेत पोरांना दरडावलेला माणूस. आईला वाटलं पेन्शनचं काहीतरी ऑनलाइन चाललंय.

1 लाख 80 हजार 'व्हेरिफिकेशन'साठी गेले. दुसऱ्या दिवशी एफडी मोडायला बँकेत गेले तर काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, काका एवढी घाई कशाला? घराचं काम काढलंय म्हणाले, पढवल्यासारखं. हात थरथरत होता म्हणून मॅडमनी बसवून चहा दिला आणि गुपचूप आईला फोन लावला, एफडीवर तिचं पण नाव होतं म्हणून नंबर मिळाला. त्या बाईंचे उपकार आहेत आमच्यावर.

मग 1930 लावला, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. 40 हजार कुठल्यातरी खात्यात अडकवता आले, बाकीचे तोवर चार खात्यांत पांगलेले. लोकांनी पैसे घेऊन वापरायला दिलेली खाती असतात ती, एकातून दुसऱ्यात पैसे पळवायला. त्यामुळे कधी वेळ आलीच तर आधी 1930 लावा, भाऊजींना विचारून, काकांना विचारून मग बघू असं करू नका, आम्ही अर्धा दिवस तिथेच घालवला.

नातेवाईक म्हणतात, एवढे शिकलेले असून? मला या प्रश्नाचा जाम राग येतो. दादरला टोरेस या दागिन्यांच्या नावाखाली लोकांचे पैसे गुंतवून घेणाऱ्या कंपनीच्या दुकानासमोर जानेवारी 2025 ला बुडालेल्या लोकांनी गर्दी केली तिथे निदान दर आठवड्याला पैसे मिळायचा मोह तरी होता. इथे कसला मोह? आयुष्यभर पोलीस स्टेशनची पायरी न चढलेला माणूस अब्रूला घाबरला, एवढंच.

आणि मी विचारलंच त्यांना, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, तू ओरडला असतास.

दोन वर्षांपूर्वी 'आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल' असा मेसेज आला होता, बाबांनी त्या नंबरला फोन केला म्हणून मी पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, कळत नाही तर स्मार्टफोन कशाला हवा तुम्हाला. तेव्हा एक रुपया पण गेला नव्हता.

आता मी ओरडत नाही. काल मीटिंगमध्ये असताना तीनदा फोन. "अरे लग्नाची पत्रिका आलीय, पण नावाच्या शेवटी एपीके लिहिलंय, उघडू का?" नका उघडू म्हटलं, एपीके म्हणजे पत्रिका नाही, फोनमध्ये घुसणारं अॅप. "मला वाटलंच," म्हणाले, आणि मग लग्न नक्की कुणाचं असेल यावर आम्ही दहा मिनिटं बोलत बसलो.