सतरा तास नुसते पाणी

आज सकाळी फेसबुकने जानेवारी २०१९ मधले एक छायाचित्र पुन्हा समोर आणले. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या आंग्रिया जहाजाच्या डेकवर शाल गुंडाळून, खुर्चीत पाय वर घेऊन माझी आई बसली आहे आणि तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी आहे. मी ते पुन्हा सर्वांसमोर ठेवले आणि अर्ध्या तासात माझ्या थोरल्या मामेभावाने खाली लिहिले की, आत्याला विमानाने नेले असते तर ती तासाभरात गोव्यात पोहोचली असती. सतरा तास नुसते पाणी बघण्यासाठी पैसे मोजणे म्हणजे माज आहे. त्याखाली सात जणांनी हसण्याची चिन्हे टाकली, त्यांपैकी तीन माझ्या घरातलीच माणसे आहेत.

उत्तर तिथेच देणार होते, पण ते लांबले, म्हणून इथे लिहीत आहे.

त्या पिशवीपासून सुरुवात करते. तिच्यात दोन लिंबे, आलेपाक, एक जुना पंचा आणि वर्तमानपत्राचे कागद होते. बोट लागली तर हाताशी असावे म्हणून आईने ही सामग्री घेतली होती, कारण तिला माहीत असलेला समुद्रप्रवास तसाच होता. १९६२ साली लग्न होऊन ती मालवणहून मुंबईला आली ती बोटीने, आणि पुढे कित्येक वर्षे दर मे महिन्यात आम्हा भावंडांना घेऊन ती बोटीनेच माहेरी जात असे. चंपावती, रोहिणी ही त्या बोटींची नावे ती आजही शेजारणींची नावे घ्यावीत तशी घेते. डेकवर पथारी टाकायची, एका अंगाला आंब्याच्या पेट्या, दुसऱ्या अंगाला कोणाच्या तरी कोंबड्यांची पाटी, आणि मधे उलट्या करणारी मुले. मालवणला बोट धक्क्याला लागतच नसे. ती बाहेर नांगर टाकून उभी राहायची, मग हेलकावणाऱ्या पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचे आणि पडावातून गुडघाभर पाण्यात. पावसाळ्यात तर ही वाहतूक बंदच असे. अशा प्रवासाला त्या काळी कोणी माज म्हटले नाही, कारण त्यात पुरेसे हाल होते.

माझा राग नेमका इथे आहे. हाल सोसले की आपल्याकडे प्रवासाला प्रतिष्ठा मिळते. हाच मामेभाऊ दहा दिवसांत सात देश बसच्या खिडकीतून पाहून आला, परतल्यावर आठवडाभर अंथरुणाला खिळून होता, आणि त्याचे सर्वांनी कौतुक केले, कारण त्याच्याकडे दाखवायला यादी होती. माझ्या आईकडे यादी नाही. तिने एका संध्याकाळी, एका रात्री आणि एका पहाटे फक्त किनारा पाहिला.

जहाज दुपारी चार वाजता भाऊच्या धक्क्याजवळून सुटले. खांदेरी डाव्या हाताला आली तेव्हा उजेड होता. त्या बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे, आणि आंग्र्यांच्याच नावाच्या जहाजातून आपण त्याच्यासमोरून जात आहोत, हे मी आईला सांगू लागले. तिचे लक्ष मात्र मागे रेवसच्या बाजूला होते. तिने हात जोडले. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा आई सहा वर्षांची होती. तिची आजी त्या पाण्यातून जाताना तोंडातून शब्द काढत नसे. हात सोडल्यावर आईने पिशवीतली लिंबे चाचपून पाहिली आणि मग चहा मागितला.

तिकीट स्वस्त नव्हते, हे मान्य. जहाज इंधन पुष्कळ जाळते, हेही मान्य. वंदे भारत आठ तासांच्या आत मडगावला पोहोचवते, हे मलाही ठाऊक आहे. महामार्गाचे नाव मात्र कोणी काढू नये. २०११ पासून त्याचे रुंदीकरण चालू आहे आणि त्यापेक्षा कमी खड्डे मी समुद्रात पाहिले आहेत.

जहाज लहान होते, याचेही मला मोल वाटते. १०४ खोल्या म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीएवढी वस्ती. आजकाल वीस मजल्यांची, सात हजारांवर माणसे नेणारी जहाजे मायामीहून सुटतात. त्यांवर घसरगुंड्या, दुकाने, बर्फाचे मैदान, सगळे असते. ज्यांना ते आवडते त्यांनी खुशाल जावे, पण तिथे समुद्र शोधायला निघावे लागते. आमच्या जहाजावर तो दाराबाहेर होता. रात्रीच्या जेवणापर्यंत वाढणाऱ्या मुलाला कळले होते की, आजींना दुधाचा चहा चालत नाही. त्याने न सांगता कोरा चहा आणला, वर लिंबाची फोड ठेवली, आणि आईने आपल्या पिशवीतले लिंबू त्याला भेट दिले. ऐषआराम म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन. आंघोळीच्या टबाचे नाव घेणार नाही.

पहाटे पाच वाजता तिने मला उठवून डेकवर नेले. पूर्वेला दिव्यांची एक बारीक ओळ होती. “मालवण इला गो,” ती म्हणाली. ते मालवण होते की आचरा की आणखी कुठले गाव, मला सांगता येणार नाही. तिच्यासाठी ते मालवण होते. सत्तावन्न वर्षांपूर्वी याच पाण्यातून ती उलट दिशेने गेली होती, तेव्हा तिने किनाऱ्याकडे पाहिलेच नव्हते. ती पथारीवर डोके धरून पडली होती, असे तिने तिथे उभ्याने सांगितले. मी यावर काहीच बोलले नाही. आम्ही उजाडेपर्यंत तिथेच बसलो.

हे लिहिता लिहिता माझा राग बराच उतरला आहे. मघाशी दादाची टिप्पणी आईला वाचून दाखवली. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, “त्याका बोट लागता, म्हणान तो असा बोलता.” लहानपणी पडावात उतरताना तो माझ्याच अंगावर ओकला होता, हे मी विसरून गेले होते. दादा, तू हे वाचत असशील तर पुढच्या वेळी तुझे तिकीट मी काढते, आलेपाक आत्या आणेल.

सकाळी जहाज मुरगावला थेट धक्क्याला लागले. शिडी लावली, सामान बाहेर गेले, आणि आई दिसेना. ती आत, दाराशी उभी होती. लुगड्याचा ओचा वर खोचलेला, चपला काढून त्या पिशवीत ठेवलेल्या.

“पडाव खंय आसा गो?” तिने विचारले.