लष्कर आलं म्हणून देश वाचला म्हणे!

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की धर्माच्या नावावर मतं मागणारे निवडून आले की पुन्हा निवडणूक होतच नाही, म्हणून अल्जेरियात १९९२ ला आणि इजिप्तमध्ये २०१३ ला लष्कराने वेळीच सत्ता घेतली आणि दहशतवादाचं मूळच कापलं. पुरावा म्हणून शेवटी तुर्कस्तान. मला त्या पक्षांचा काडीचा पुळका नाही, पण निदान तारखा तरी बघा राव.

'मूळच कापलं' हे आधी घेऊ, सगळ्यात मोठी थाप तीच आहे. अल्जेरियात डिसेंबर १९९१ च्या पहिल्या फेरीत निकाल लागलेल्या २३१ जागांपैकी १८८ इस्लामिक सॅल्व्हेशन फ्रंटने म्हणजे फिस या इस्लामवादी पक्षाने घेतल्या. दुसरी फेरी १६ जानेवारीला होती, त्याआधीच ११ तारखेला अध्यक्ष शादली बेंजेदीदना राजीनामा द्यायला लावला, मग निवडणूक रद्द, मार्चमध्ये पक्षावर बंदी आणि हजारो लोक उचलून सहारातल्या छावण्यांत टाकले. पक्षाला निवडणुकीत उतरवणारा अब्देलकादर हाशानी तर जानेवारीतच आत गेला. आता मतपेटीवाला तुरुंगात आणि 'मतदानच हराम, बंदूक घ्या' म्हणणारा मोकळा, तर चिडलेली पोरं कुणाकडे जाणार? जीआयए ही कट्टर सशस्त्र संघटना फोफावली ती यातूनच. त्यांची घोषणाच होती, ना संवाद, ना शस्त्रसंधी, ना समेट. फिसमधून त्यांच्यात गेलेला नेता मोहम्मद सईद, त्यालाही त्यांनीच १९९५ ला मारलं, आणि १९९७ ला रईस, बेंतल्हा या गावांत रात्रीत शेकडो माणसं कापली गेली. एकूण मेलेल्यांचा अंदाज दीड ते दोन लाख. त्याच जीआयएतून फुटलेला गट २००७ ला अल कायदाची मगरेब म्हणजे उत्तर आफ्रिकेतली शाखा झाला. हे मूळ कापणं असेल तर धन्य आहे.

हो, अल्जेरियातल्या गेमारच्या चौकीवर हल्ला नोव्हेंबर १९९१ मधला, म्हणजे बंदूकवाले आधीपासून होते. पण मूठभर होते.

इजिप्तचंही तेच. मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामवादी संघटनेचे मोर्सी ५१.७ टक्के मतांनी अध्यक्ष म्हणून निवडून आले, नोव्हेंबर २०१२ ला स्वतःचे आदेश कोर्टाच्या वर नेऊन ठेवले, लोक भडकले ते बरोबरच होतं. पण ३ जुलै २०१३ ला लष्करप्रमुख सीसींनी त्यांना काढलं आणि १४ ऑगस्टला कैरोच्या राबा चौकातलं मोर्सी समर्थकांचं धरणं गोळ्या घालून उठवलं, ह्यूमन राइट्स वॉचने मोजलेले मृत किमान ८१७, एका दिवसात. इजिप्तच्या सिनाई भागात हल्ले आधीही होत होते, रफाहजवळ २०१२ ला १६ सैनिक मारले होते, पण तिथला अन्सार बैत अल मकदिस हा सशस्त्र गट नोव्हेंबर २०१४ ला आयसिसमध्ये गेला तो मोर्सी जाऊन वर्ष उलटल्यावर. पुढे २०१५ ला सिनाईवर रशियन प्रवासी विमान पाडलं, २२४ ठार. २०१७ ला सिनाईतल्याच रवदाच्या मशिदीत शुक्रवारच्या नमाजाला तीनशेच्या वर माणसं मारली. लष्कर सत्तेत असतानाच ना हे सगळं?

आणि 'लष्कर विरुद्ध कट्टर' हे चित्रही खोटं. सीसींनी घोषणा केली तेव्हा शेजारी नूर या सलफी म्हणजे कर्मठ इस्लामी पक्षाचा माणूस बसला होता, जो ब्रदरहूडपेक्षा कडक! यावर मेसेजवाले गप्प.

'पुन्हा निवडणूकच झाली नसती' याला काय उत्तर देणार, न घडलेल्या गोष्टीचा पुरावा दोन्ही बाजूंना नाही. ट्युनिशियात निवडून आलेल्या एन्नाहदा या इस्लामवादी पक्षाने जानेवारी २०१४ ला नवी घटना करून सरकार सोडलं एवढं मात्र घडलेलं आहे. अर्थात तिथे त्या वेळी लष्कर आलं नव्हतं तरी हजारो पोरं सीरियात लढायला गेली, त्यामुळे दहशतवादाचं कारण फक्त लष्करी सत्तापालट असं उलटं गणितही मांडू नका. ब्रदरहूडचेही बहुतेक लोक बॉम्ब घेऊन फिरले नाहीत, तुरुंगात गेले नाहीतर परदेशात.

राहिला तुर्कस्तान. फेब्रुवारी १९९७ ला लष्कराने इस्लामवादी पंतप्रधान एर्बाकानवर दबाव आणला, जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला, जानेवारी १९९८ ला त्यांच्या पक्षावर बंदी. पण राबासारखं काही केलं नाही आणि निवडणुकीचं दार उघडं राहिलं, म्हणून त्यांच्यातलं कुणी बंदूक घेऊन डोंगरात गेलं नाही. त्यांच्यातलाच कविता म्हटली म्हणून तुरुंगात गेलेला इस्तंबूलचा माजी महापौर २००१ ला नवा पक्ष काढून २००२ ला ३४ टक्क्यांवर निवडणूक जिंकून बसला. तो एर्दोआन. ज्यांना संपवायला लष्कर निघालं होतं त्यांच्याच हातात वीस वर्षांहून जास्त देश आहे, आणि हे उदाहरण मेसेजवाल्यांनी स्वतःच्या बाजूने दिलंय.