चार ठिपके आणि बाबांचा चाकू : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुमचा एक आक्षेप तपासायला मला माझ्याच कपाटातले चाकू बाहेर काढावे लागले. तपासले, आणि चूक माझी आहे. म्हणून आधी तेच बोलतो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखाद्या प्रसंगाच्या स्मरणार्थ कंपन्या खिशात ठेवायचे चाकू काढतात; त्यांची किंमत कशी काढायची, यावर मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं, आणि चाकूवरच्या ठिपक्यांवरून त्याचं साल ओळखायचा तक्ताही दिला होता. ताई नाशिकच्या. त्यांचे वडील १९७०च्या दशकात पेनसिल्व्हेनियात पोलादाच्या कारखान्यात नोकरीला होते, १९७८ मध्ये कायमचे परत आले. येताना त्यांनी केस (Case) या तिथल्या चाकू बनवणाऱ्या कंपनीचा एक घडीचा चाकू आणला. पात्यावर ‘१७७६–१९७६’ कोरलेलं, मूठ शिंगाची, लाकडी पेटी, सोबत क्रमांक टाकलेला कागद. गेल्या वर्षी वडील वारले. आता ताई आणि त्यांचा ह्यूस्टनचा भाऊ घरातल्या वस्तूंची वाटणी करतायत. चाकू ताईंकडेच राहायचाय, पण हिशेबात त्याचा आकडा धरायचाय. माझा लेख वाचून त्यांनी लिहिलं : “तुम्ही म्हणता चार ठिपके म्हणजे १९८६. मग आमचे बाबा अठ्ठ्याहत्तर साली तो घेऊन कसे आले? ते काय खोटं सांगत होते?” दुसरं म्हणजे, ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर असाच चाकू ६५० डॉलरला लावलाय आणि मी मात्र असे चाकू ‘कवडीमोल’ म्हणून मोकळा झालो. आणि तिसरं, मी वस्तूकडे फक्त पैशात बघतो.

तुमचे बाबा खोटं सांगत नव्हते, ताई. माझाच तक्ता अर्धा होता.

पातं मुठीत शिरतं तिथे धार नसलेला एक चपटा तुकडा असतो. संग्राहक त्याला टँग म्हणतात. केस कंपनीचं नाव तिथे ठोकलेलं असतं, आणि चाकूचं वय सांगणारी खूणही तिथेच. १९४० ते १९६४ या काळात नुसतं ‘केस एक्सएक्स’ असायचं, १९६५ पासून त्याखाली ‘यू.एस.ए.’ आलं. १९७० मध्ये त्यांनी ‘यू.एस.ए.’च्या खाली दहा ठिपके टाकले आणि दरवर्षी एक एक कमी करत नेला. एकाहत्तरला नऊ, बहात्तरला आठ, असं करत १९७६ ला चार आणि १९७९ ला एकच. १९८० मध्ये पुन्हा दहापासून सुरुवात. म्हणजे चार ठिपक्यांचा चाकू १९७६ चाही असतो आणि १९८६ चाही. मी लेखात दुसरंच दशक दिलं आणि पहिलं गाळलं. ज्या लेखाचा विषयच वय आणि किंमत, त्यात ही चूक लहान नाही. तक्ता आता दुरुस्त केला आहे.

मग शहात्तर आणि शहाऐंशी वेगळे कसे ओळखायचे? ‘केस’ या नावातल्या ‘एस’ या अक्षरावरून. सत्तरच्या दशकात ते अक्षर नेहमीसारखं गोलसर वळणाचं आहे. ऐंशीच्या दशकात त्याची वळणं मोडून टोकदार केलेली आहेत, आकाशात वीज चमकावी तशी. परवा रात्री मी माझे दोन चाकू टेबलावरच्या दिव्याखाली शेजारी ठेवले, दोन्ही चार ठिपक्यांचे. नुसत्या डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता. दहा पट मोठं दाखवणारं भिंग धरलं तेव्हा एकाच्या अक्षराला कोपरे दिसले आणि दुसऱ्याच्या अक्षराला पोट. सोनारांकडे असतं तसलं भिंग पुरतं. नाशिकला सराफ बाजारात कुणीही दोन मिनिटं हातात देईल.

एवढं करा, अक्षर गोल निघालं तर तुमच्या बाबांची गोष्ट पोलादावर लिहिलेली आहे. कुणाला पटवत बसायची गरज नाही. घेणारा माणूसही सगळ्यात आधी हेच बघतो, कारण या धंद्यात नकली माल भरपूर आहे. जुन्या चाकूत नवं पातं बसवतात, साध्या पात्यावर नंतर मजकूर कोरतात. कोका-कोलाच्या नावाचे ‘जुने’ चाकू तर असे कितीतरी फिरतात की जे त्या कंपनीनं कधी काढलेच नाहीत. कोरलेलं साल आणि टँगवरचं साल जुळतंय का, ही पहिली परीक्षा.

टँगच्या दुसऱ्या बाजूला एखादा आकडाही असू शकेल, तोही बघा. केसच्या आकड्यात पहिला अंक मुठीचा : ५ म्हणजे शिंग, ६ म्हणजे हाड. दुसरा अंक पात्यांची संख्या. उरलेले अंक घडणीचा नमुना सांगतात. ६२५४ म्हणजे हाडाची मूठ, दोन पाती, आणि ५४ हा ‘ट्रॅपर’ नावाचा नमुना. ठिपके आणि हा आकडा मिळाला की तुमच्या चाकूला नाव-गाव मिळालं. त्याशिवाय किंमत शोधणं म्हणजे ‘नाशिकला घर आहे, किती येतील?’ असं विचारण्यासारखं.

आता ६५० डॉलर. ‘कवडीमोल’ हा शब्द मी मागे घेतो. वडिलांची वस्तू हातात धरून वाचणाऱ्या माणसाला तो लागणारच, आणि तो खराही नाही. पण त्यामागचं म्हणणं मागे घेता येत नाही, ताई, कारण यात नुकसान तुमचंच आहे.

ईबेवर ६५० लावलेत, म्हणजे एका माणसाची तेवढ्याची अपेक्षा आहे. तो चाकू तिथे दोन वर्षं पडून असला तरी तो आकडा तसाच दिसतो. बघायचं ते विकल्या गेलेल्या वस्तूंमध्ये. शोधाच्या पानावर ‘सोल्ड आयटम्स’ अशी चौकट असते, तिच्यावर खूण केली की साधारण गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष पैसे देऊन गेलेले चाकू दिसतात. त्यातही एक मेख आहे. काही किमतींवर आडवी रेघ मारलेली असते. म्हणजे घासाघीस होऊन चाकू त्याहून कमी पैशांत गेला, आणि खरा आकडा तिथे दिसत नाही. अशा नोंदी सोडून द्या. उरलेल्यांत तुमचाच नमुना, तुमच्यासारखी अवस्था, पेटी आणि कागद असलेले निवडा. पाच-सहा मिळाले तर सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा काढून टाका आणि मधले बघा. महिन्याभरानं पुन्हा तेच करा. जुळला तर तो तुमचा आकडा.

वाटणीत तुम्ही ६५० धरलेत, तर चाकू तुमच्याकडे राहणार म्हणून तुमच्या वाट्यातून तेवढे वळते होतील. भावालाही त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, तुम्हीच आकडा दिलात! म्हणून मी एवढं बोलतोय. विम्यासाठीचा आकडा, दुकानदार विकताना लावतो तो आकडा आणि तोच दुकानदार घेताना देतो तो आकडा, हे तिन्ही निरनिराळे असतात, आणि शेवटचा बरेचदा दुसऱ्याच्या निम्म्यावर येतो. वाटणीत धरायचा तो चौथा : कुणालाही घाई नसताना विकणारा आणि घेणारा जिथे भेटतात तो. आणि एक, ज्याला चाकू विकत घ्यायचाय त्यालाच त्याची किंमत विचारू नका. माणूस कितीही भला असला तरी.

तुम्ही विचारलंय, ‘मर्यादित संख्येत काढला, क्रमांक आहे, मग दुर्मीळ कसा नाही?’ याचं उत्तर मला दोन वर्षांपूर्वी एका घरात मिळालं. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या बाजूला, जिथे १९०५ पासून केसचा कारखाना आहे, तिकडे एका खेड्यात घरातल्या सामानाची विक्री होती. जेवणाच्या टेबलावर काचेच्या झाकणाची पेटी, आत मखमलीवर बारा चाकू, एकाही पात्यावर बोटाचा ठसा नाही. एका कंपनीकडून दरमहा एक असे त्या गृहस्थांनी मागवले होते, पावत्यासुद्धा पेटीखाली नीट लावून ठेवलेल्या. त्यांच्या पत्नीनं मला विचारलं, नातवाच्या कॉलेजला याची थोडी मदत होईल ना? पावत्यांची बेरीज मी मनात केली होती आणि बाजारही मला ठाऊक होता. त्या बेरजेच्या चौथाईसुद्धा येणार नव्हते. ते त्यांना सांगताना माझा आवाज नीट निघेना.

त्याच घरात मागच्या पडवीत, खिळ्यांच्या डब्यात, त्या बाईंच्या सासऱ्यांचा एक साधा चाकू होता. कसलाच सोहळा त्याच्यावर कोरलेला नव्हता. हाडाची मूठ, ठिपके सुरू होण्याच्या आधीचा शिक्का, पातं जवळजवळ पूर्ण शाबूत. तो एकटा त्या बारांतल्या कुठल्याही चाकूपेक्षा जास्त पैशांना जाईल, असं मी त्यांना सांगितलं आणि तो डब्यातून काढून त्यांच्या हातात दिला.

असं का होतं? कामाचे चाकू लोकांनी वापरले. दोऱ्या कापल्या, सफरचंदं सोलली, दगडावर घासून घासून पाती निम्मी केली, नदीत पाडले. म्हणून कोरा राहिलेला कामाचा चाकू खरोखर विरळा. स्मरणार्थ काढलेले चाकू मात्र पहिल्या दिवसापासून पेटीत गेले आणि जवळपास सगळे आजही तसेच आहेत. त्यात १९७६ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं. जो तो कारखाना काहीतरी काढत होता. त्या पिढीतले संग्राहक आता जातायत आणि त्यांच्या पेट्या एकामागून एक बाजारात येतायत. कागदावरचा क्रमांक पहिल्या दहा-वीसांतला असेल, किंवा नेमका १७७६ असेल, तर फरक पडतो. मधल्या क्रमांकांना तसा भाव मिळत नाही.

तुमच्या चाकूच्या बाजूनं मात्र एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे मूठ. अमेरिकेतल्या चाकूंना शिंगाच्या मुठी बसवायला वर्षानुवर्षं आपल्याकडच्या सांबराची शिंगं जात होती. तिथले चाकूवाले आजही ‘सांबर स्टॅग’ असंच म्हणतात, आपला शब्द जसाच्या तसा. पुढे भारतातून ती निर्यात बंद झाली, त्यामुळे जुन्या खऱ्या शिंगाच्या मुठीला मान आहे. ती ओळखू येते. झाडाच्या सालीसारख्या ओबडधोबड उभ्या रेषा, दोन्ही बाजूंच्या कधीच सारख्या नाहीत, रंग खोलात तपकिरी आणि उंचवट्यावर पिवळट पांढरा. खाचा ओळीनं, एका मापाच्या असतील तर ते यंत्रानं कोरलेलं हाड. तापवलेली सुई टोचून बघा असं कुणी सांगेल, तर कृपा करून तसं करू नका. त्या एका भोकानं किंमत जाते.

पण याच मुठीमुळे एक सावधगिरीही घ्यायला हवी. भारतात सांबराच्या शिंगाच्या वस्तूंची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. घरात वडिलांची आठवण म्हणून आहे तो प्रश्न वेगळा, पण उद्या विकायचं किंवा भावाकडे अमेरिकेला पाठवायचं ठरलं, तर आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. तुमच्या प्रतिक्रियेतलं ‘शिंगाची मूठ’ वाचेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नाही की हे चाकू भारतातल्या घरांतही असतील.

तुमच्या शेवटच्या ओळीनं मला खरी धास्ती घातली : ‘दिवाळीच्या आत घासूनपुसून लख्ख करणार आहे.’ ताई, तेवढं करू नका. मुठीच्या टोकांना जर्मन सिल्व्हरच्या टोप्या असतात, त्या काळपट होतात, होऊ द्या. पात्यावरचं कोरीवकाम केसाएवढंही खोल नसतं, भांड्यांची पूड एकदा फिरली की ‘१७७६’ पुसट होतं आणि ते परत येत नाही. धारही लावू नका. संग्राहकांच्या प्रतवारीत पातं दहा टक्क्यांपर्यंत झिजलेला चाकू ‘उत्तम’मध्ये धरतात, पंचवीस टक्क्यांना तो आणखी एक पायरी उतरतो, आणि कोरा चाकू या सगळ्यांच्या वर. मऊ सुती कापडानं पुसा, खनिज तेलाचा एक थेंब पात्यावर आणि एक सांध्यात. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि कालांतरानं खवट होतं. चामड्याच्या म्यानात असेल तर बाहेर काढून ठेवा, चामड्यातल्या आम्लानं पितळेवर हिरवं चढतं. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी टाका.

राहिला तुमचा तिसरा आक्षेप. मी पैशांवर लिहितो कारण लोक मला तेच विचारतात, आणि बहुतेकदा विचारणारा नुकतंच कुणाला तरी गमावून आलेला असतो. तुमच्या बाबांनी तो कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या कुणाकडून घेतला, की स्वतःच्या पगारातून, की कामगारांनी मिळून दिला, हे घरात कुणाला आठवत असेल तर आत्ताच कागदावर लिहून, तारीख घालून पेटीत ठेवा. त्यांचं कारखान्याचं ओळखपत्र किंवा तिथला एखादा फोटो असेल तर तोही. तुमच्या मुलांच्या हातात पेटी येईल तेव्हा क्रमांकाच्या कागदाशेजारी तो कागद असू दे.

टँगच्या दोन्ही बाजूंचे फोटो दिवसा, खिडकीशी, चाकू थोडा तिरका धरून काढा आणि मला पाठवा. ते अक्षर गोल आहे की टोकदार, तेवढं दिसलं की पुढचं बोलू.