धुण्याची पाळी कोणाची?

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर भांडण चाललंय. धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठचा धुण्याचा दगडी घाट काढून तिथे सभामंडप बांधायचं पंचायतीत घाटतंय. पुण्या-मुंबईतली मंडळी ‘आपला वारसा’ म्हणून हळहळतायत. गावातल्या एकाही बाईनं मात्र ‘ठेवा’ म्हटलेलं नाही. आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, “आते नदीवर कोन जास रे भाऊ?”

तिचं खरंच आहे. उन्हाळ्यात वरच्या अक्कलपाडा धरणाचं आवर्तन सुटलं तरच नदीला पाणी दिसतं. आणि घाटाच्या आठवणी गोड वाटतात त्या ओल्या गोधड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन कधी चढ न चढलेल्यांना. शिवाय वरच्या अंगाचे दगड कोणाचे आणि खालच्या अंगाला कोणी बसायचं, हे जातीनं ठरलेलं होतं. वरच्यांचा साबण खालच्यांच्या धुण्यात यायचा. वारसावाले नेमकं एवढंच विसरतात.

मी राहतो स्वीडनमध्ये, गॉथेनबर्गला. इथे बहुतेक जुन्या इमारतींत तळघरात सामाईक धुण्याची खोली असते, ‘त्वेत्तस्तुगा’ म्हणतात तिला. एवढ्या श्रीमंत देशात लोक धुणं वाटून घेतात हे गावात सांगितलं तर कोणी खरं मानत नाही. आमच्याकडे भिंतीवर लाकडी फळा आहे. ज्याच्या त्याच्या नावाचं छोटं कुलूप. हव्या त्या वाराच्या, वेळेच्या भोकात ते अडकवायचं. माझी पाळी रविवारी सकाळी सातची. अर्धा तास उशीर झाला की पाळी गेली. कोणी जाळीतला केर काढला नाही की रागाची चिठ्ठी लागते, अगदी ठळक अक्षरांत. डॉक्टरीणबाईंना आणि बस चालवणाऱ्याला मशीन तेच. भांडणं होतात, पण ती पाळीवरून, कोण कुठल्या घरचा यावरून नाही.

खरं तर पाळी ही आपल्याला नवी नाही. पांझरेवरची शेतीच्या पाणीवाटपाची फड पद्धत तीनशे वर्षांहून जुनी. बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड म्हणजे शेतांचे गट, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि पाणी सोडायला पाटकरी. शेतकऱ्यानं स्वतः दार उघडायचं नाही. पाटकऱ्याला धान्याच्या रूपात मोबदला गावच द्यायचं. एवढी शिस्त शेताच्या पाण्याला होती. पिण्या-धुण्याच्या पाण्याला मात्र आपण ती लावली नाही.

जलजीवन मिशन २०१९ साली आलं. माणशी रोज ५५ लिटर, घरोघरी नळ. नळ आमच्याकडे आला, पाणी चौथ्या दिवशी येतं. आलं की घरोघरी नळातून पाणी ओढणारी टिल्लू मोटर लागते आणि शेवटच्या गल्लीतल्या बायका हंडे मांडून वाट बघत बसतात. म्हणजे वरचा अंग, खालचा अंग तोच. फक्त आता तो मोटरच्या ताकदीवर ठरतो. धुण्याचं पाणीही गटारीतून शेवटी पांझरेतच जातं. इथे स्वीडनमध्ये कपड्यांच्या पावडरीतलं फॉस्फेट २००८ सालीच बंद केलं, बाल्टिक समुद्रात शेवाळ माजतं म्हणून. आपल्याकडे सांडपाण्याचा विषय निघाला की ग्रामसभेतले निम्मे लोक उठतात.

घाट गेला तर मला वाईट वाटणार नाही. पण त्या जागी सभामंडपाऐवजी एक शेड, चार मशीन, शोषखड्डा आणि पाळी लावणारा एक पगारी माणूस का नको? साध्या मशीनची एक फेरी साधारण पन्नास लिटरची, म्हणजे एका माणसाच्या दिवसाच्या पाण्याएवढी. ती घरोघरी अर्धी भरून फिरवण्यापेक्षा चार घरांचं एकत्र भरलेलं काय वाईट? मी हे ग्रुपवर टाकलं. वीज कोण भरणार, असं एकानं विचारलं, ते रास्तच होतं. दुसऱ्यानं विचारलं, ‘आमचे कपडे त्यांच्या कपड्यांनंतर?’ त्यावर दोन दिवस कोणीच काही लिहिलं नाही.

आईनं एवढंच विचारलं, त्या मशीनमध्ये गोधडी मावेल का? खरं ते सांगितलं. आमच्या तळघरातल्या मशीनमध्ये मावत नाही.