एसीची तीन मिनिटं आणि एक फिरता मेसेज

एप्रिल लागल्यापासून कोल्हापुरातल्या निम्म्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो आधी मेव्हण्यानं धाडला, मग सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग तालमीच्या. थोडक्यात असा: एसी लावल्यावर तीन-चार मिनिटं नुसता पंखा फिरत असेल तर थर्मोस्टॅट (तापमान बघून एसी चालू-बंद करणारा भाग) गेलाय किंवा गॅस कमी झालाय. मेन स्विच दोन-तीनदा बंद-चालू करा, एसी ‘मोकळा’ होतो. रिमोट १६ वर ठेवा, लवकर गार होतं. तरी नाही जमलं तर थर्मोस्टॅटच्या दोन वायरी एकमेकींना जोडा, खाली व्हिडिओ बघा. आणि शेवटी, मेकॅनिकचे हजार रुपये वाचवा.

मी एसीचा मेकॅनिक नाही. उद्यमनगरात मोटारींचं वाइंडिंग करतो. पण एसीतला गॅस दाबणारा कॉम्प्रेसर म्हणजे शेवटी बंद डब्यातली मोटारच, आणि जळक्या वाइंडिंगचा वास मला दारातूनच कळतो. म्हणून हा उद्योग.

पहिला मुद्दा, ‘थर्मोस्टॅट गेलाय’. एसी चालू असताना कॉम्प्रेसरच्या एका बाजूला गॅसचा दाब प्रचंड असतो, दुसऱ्या बाजूला कमी. आर-३२ गॅसच्या मशीनमध्ये भर उन्हाळ्यात एकीकडे ४०० पीएसआयच्या आसपास, दुसरीकडे सव्वाशे-दीडशे. कॉम्प्रेसर थांबला की बारीक नळीतून गॅस हळूहळू सरकतो आणि दोन्ही दाब बरोबरीला येतात. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. त्याआधीच मोटारीला उठायला लावलं तर ती त्या दाबाविरुद्ध फिरूच शकत नाही. दीड टनाचा साधा एसी चालताना सात-आठ अँपिअर घेतो. अडकलेली मोटार त्याच्या पाच-सहा पट ओढते. वाइंडिंग तापतं आणि नशीब असेल तर ओव्हरलोड, म्हणजे मोटार वाचवणारा खटका, उडतो. एसीचं कार्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, मुद्दाम तीन मिनिटं मोजतं ते यासाठी. इन्व्हर्टर एसीची मोटार हळू उठते, तरी तिचं कार्डही थांबूनच हुकूम देतं.

करवीरमधल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. नदीवरच्या मोटारींना ऑटो स्विच असतात. लाईट आली की सगळ्या एकदम उठतात, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड येतो, व्होल्टेज पडतं आणि एखादी मोटार जागेवरच घुमत राहते. दोन दिवसांनी ती माझ्या टेबलावर. जो शहाणा असतो तो ऑटोला टायमर लावतो. एसीत तोच टायमर कंपनीनं आतच बसवून दिलाय आणि आपण त्याला बिघाड म्हणतोय.

जुने विंडो एसी आठवणारे म्हणतील, त्यात बटण फिरवलं की टक् करून लगेच सुरू व्हायचं. व्हायचं खरं. पण बंद करून लगेच चालू केलं तर घूं करून बसायचं, तेही आठवा.

आता मेन स्विचचं. हे सगळ्यात उलटं आहे. कार्डाला वीज मिळत असते तोवर त्याला ठाऊक असतं की कॉम्प्रेसर कधी थांबला. रिमोटनं बंद केलेला एसी तासाभरानं लावला तर बऱ्याच मशीनमध्ये कॉम्प्रेसर लवकर उठतो, कारण त्याची तीन मिनिटं केव्हाच भरलेली असतात. मेन बंद केला की ती आठवण पुसली. पुन्हा वीज आली की कार्ड शहाणपणानं शून्यापासून मोजतं. म्हणजे वैतागून दोनदा खटका मारणारा माणूस स्वतःच तीनाची सहा मिनिटं करतो. वळवाच्या पावसात विजा कडाडताना मेन बंद ठेवाच. पण मग नंतरच्या तीन मिनिटांची तक्रार नको.

‘गॅस संपला’ हे वाक्य मला विशेष आवडतं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळीत तोच तोच फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे; ती न शोधता दरवर्षी भरून घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. शिवाय लक्षणंही वेगळी. गॅस कमी असला तर कॉम्प्रेसर वेळेवर सुरू होतो, पण खोली गार होत नाही, तो कटऑफही घेत नाही, म्हणजे मधे थांबत नाही, आणि बारीक नळीवर किंवा कॉइलवर बर्फ धरतो. उशिरा सुरू होणं हे त्याचं लक्षण नव्हे.

१६ चं एका वाक्यात सांगतो: खोली ३५ वर असताना २४ काय आणि १६ काय, मशीनला दोन्हीकडे पूर्ण जोर लावावाच लागतो, फरक फक्त कुठे थांबायचं याचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमामुळे १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी २४ वरच सुरू होतात, आणि एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असं तोच ब्युरो सांगतो.

राहिला व्हिडिओ. तो मी तीनदा बघितला. व्हिडिओ अमेरिकेतला आहे. तिकडे थर्मोस्टॅट ही भिंतीवरची वेगळी डबी असते, तिच्यात २४ व्होल्टच्या वायरी येतात आणि थांबायच्या वेळी पडद्यावर ‘कूल ऑन’ लुकलुकतं, पाच मिनिटांपर्यंत. तिथला मेकॅनिक आर आणि वाय या दोन वायरी क्षणभर जोडतो, तेही दोष डबीत आहे की मशीनमध्ये हे तपासायला. उशीर कायमचा काढायला नव्हे. आपल्या स्प्लिट एसीत अशी डबीच नाही. तापमान बघतो तो फिल्टरमागचा दाण्याएवढा सेन्सर, आणि निर्णय घेतं कार्ड. त्या कार्डावर २३० व्होल्ट खेळत असतात. इन्व्हर्टरच्या बाहेरच्या युनिटमध्ये तर सवातीनशे व्होल्टचा डीसी असतो, आणि मेन बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरमध्ये तो काही वेळ दबा धरून बसतो. हजार रुपये वाचवायला कोणी तिथे स्क्रू ड्रायव्हर घालणार असेल तर, भावा, हात जोडतो.

मग बिघाड कधीच नसतो का? असतो की. पण आधी मोबाईलवर वेळ लावा. दर वेळी तेवढीच तीन मिनिटं लागत असतील तर तो टायमर. कधी दोन, कधी दहा, कधी सुरू होऊन परत बंद, असं असेल तर दोष शोधायचा. साध्या एसीत बाहेरचं युनिट घूं करून थांबत असेल तर बहुतेक कॅपॅसिटर दमलेला असतो, नाहीतर व्होल्टेज कमी. कॅपॅसिटर घरी बदलायचा नाही, तोही झटका साठवून असतो. सर्व्हिसिंगनंतर गडबड सुरू झाली असेल तर सेन्सर कॉइलला चिकटलाय का हे मेकॅनिकला बघायला सांगा. गार कॉइलला टेकलेल्या सेन्सरला वाटतं खोलीच गार झाली. रिमोटवर बर्फाचं चिन्ह आहे की पंख्याचं, हे तर सगळ्यात आधी. हसू नका, राजारामपुरीतल्या एका घरी पाच जणांनी हे बघितलं नव्हतं.

मेव्हण्याकडे मात्र वेगळंच निघालं. त्याच्या रिमोटवर ‘फॉलो मी’ चालू होतं, म्हणजे तापमान रिमोटच्या जागेचं धरायचं, आणि रिमोट कायम उशाला, एसीच्या थेट झोतात. खोली तापलेली, रिमोट गारठलेला, कॉम्प्रेसर निवांत. ते बंद केलं. तरी लाईट जाऊन आल्यावर सहा मिनिटं लागतात म्हणाला. वेळ लावली, खरंच सहा. तीन स्टॅबिलायझर मोजतो, तो मोकळा झाला की पुढची तीन एसी.

“मग स्टॅबिलायझर काढून टाकू?” त्यानं विचारलं. म्हटलं, बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते लिहिलंय, ते आधी वाच. मग संध्याकाळी सगळ्या गल्लीचे एसी चालू असताना मीटर घेऊन येतो, तुझ्या घरी किती येतात बघू.