रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो हे ठाऊक आहे, मग मैफल साडेपाचला सुरू का करत नाही?

परवाच्या रविवारचा संताप अजून डोक्यातून जात नाही. पत्रिकेवर वेळ छापलेली होती सायंकाळी ठीक साडेपाच. त्यातला 'ठीक' ठळक अक्षरात. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आसपास सूर्य बुडतो. आधी एका तरुणाची बासरी, मग एका ज्येष्ठ गायिकेचं गाणं. पत्रिका बघून मला मनापासून बरं वाटलं होतं, की वेळ ठरवणाऱ्याला काहीतरी कळतंय. साडेपाचला बासरी म्हणजे मारवा नाहीतर पूरिया, सूर्यास्ताचे राग, ऐन दिवेलागणीला, उघड्या मैदानात, आभाळ लाल होत असताना. एरवी हे राग समोर बसून ऐकायला मिळतात कुठे? सगळ्या मैफली आठ-साडेआठला सुरू होतात, आणि तोवर संधिप्रकाशाचे राग गेलेले असतात.

पाचच्या आधीपासून माणसं येऊन बसली होती. म्हाताऱ्या बायका शाली घेऊन, एकजण तर व्हीलचेअरवर. पुढे सोफ्यांच्या तीन रांगा, पांढरी कव्हरं, 'राखीव'. त्या मोकळ्या. आम्ही त्यांच्या मागे. विंगेत तंबोरे लावून झाले होते आणि तो मुलगा हलक्या फुंकीने बासरी तापवत होता. मधूनच कोमल रिषभ कानावर येत होता, लांब धरलेला, आणि मारव्यात वर्ज्य असलेला पंचम कुठेच नाही. म्हणजे मारवाच होता! माझ्या शेजारच्या काकूंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. त्यांनाही कळलं होतं.

साडेपाच झाले. पावणेसहा झाले. सूर्य टेकला, बुडाला, आभाळ विझलं. मंचावर कुणी नाही. निवेदिका अधूनमधून येऊन सांगत होती, "अवघ्या काही क्षणांतच." मग, "मान्यवर निघालेले आहेत." मग, "मान्यवर पोहोचतच आहेत." मंचामागच्या भल्यामोठ्या एलईडी पडद्यावर एका बिल्डरची जाहिरात फिरत होती, तेच संगीत, तोच स्विमिंग पूल, पुन्हा पुन्हा. शेवटी उठून एका कार्यकर्त्याला विचारलं. "काका, बसून घ्या ना, सुरूच होतंय." कोण येतंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "साहेब येतायत. त्यांच्याशिवाय कसं सुरू करणार?"

साहेब सव्वासातला आले. सोबत वीस-पंचवीस जण. सोफे भरले. आणि मग जे सुरू झालं ते आपण सगळ्यांनी इतक्यांदा भोगलंय की सांगायचीही गरज नाही, पण मी सांगणार आहे, कारण पोटात साचलंय.

समई वाऱ्याने पेटेना. काडेपेटी एकीकडून दुसरीकडे फिरली. एक वात लागली की फोटोग्राफर म्हणे, "साहेब, पुन्हा एकदा, इकडे बघून." मग प्रतिमापूजन. मग स्वागतगीत. त्या शाळेतल्या मुली दुपारपासून नऊवारी नेसून उभ्या होत्या, थंडीने काकडत होत्या, आणि त्यांचं गाणं चालू असताना मंचावरचे पाहुणे एकमेकांशी बोलत होते. मग सत्कार. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. अमुकांचा सत्कार तमुकांच्या शुभहस्ते, आणि लगेच तमुकांचा सत्कार अमुकांच्या शुभहस्ते. यादी संपली असं वाटलं की खालून चिठ्ठी यायची आणि आणखी दोन नावं वाढायची. मंडपवाल्याचा सत्कार, साउंडवाल्याचा सत्कार. त्यांनी खरंच कष्ट केलेले असतात, मान आहे. पण तबलजीचं नाव पत्रिकेत नव्हतं. पेटीवाल्याचं नव्हतं. रात्री शेवटपर्यंत ती दोन नावं कुणी धड उच्चारली नाहीत.

मग भाषणं. "मी फार वेळ घेणार नाही." या वाक्यानंतर जो माणूस पाच मिनिटांत बसला, तो मी आजवर पाहिलेला नाही. दुसरे उठले आणि म्हणाले, "मला गाण्यातलं काही कळत नाही, पण..." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कळत नसेल तर नसो, सगळ्यांना सगळं कळत नाही, त्यात लाज नाही. मग खाली बसून ऐका, हळूहळू कळेल. तुमच्यामागे बसलेली माणसं तशीच शिकलीयत. पण गाण्यातलं कळत नाही हे सांगून पुढे ड्रेनेज लाइन, रस्त्याचं रुंदीकरण आणि मंजूर झालेला निधी, हे तंबोऱ्यांसमोर उभं राहून कशासाठी ऐकवता? थंडीत उघड्यावर ठेवलेले तंबोरे उतरत होते. ते नंतर पुन्हा लावावे लागले. आणि त्यात गेलेला वेळ कलाकाराच्याच खात्यातून गेला.

आठ वाजून वीस मिनिटांनी बासरीवाला मंचावर आला. त्याच क्षणी सोफ्यांच्या तिन्ही रांगा उठल्या. मंचासमोरून, त्याच्या तोंडासमोरून, नमस्कार घेत-देत सगळे निघाले. बाहेर गाड्या वळवताना हॉर्न. त्या आवाजात त्या पोराने पहिला स्वर लावला. मारवा गेलेलाच होता, रात्री साडेआठला मारवा कोण वाजवेल? त्याने तबलजीकडे बघितलं, वीस मिनिटांत हंसध्वनी आणि एक धून वाजवली आणि नमस्कार करून उठला. वाजवलं सुंदर, हातात मेहनत दिसत होती. पण तो जे घेऊन आला होता ते आम्हाला मिळालं नाही, आणि त्याला देता आलं नाही.

गायिका पावणेनऊला बसल्या. बागेश्री. विलंबित एकताल, अगदी निवांत, एकेक स्वर ठेवत बढत चालली होती. मैदान गप्प झालं होतं. तीन तास थांबल्याचं मी विसरलो होतो. आणि साडेनऊला मंचाच्या बाजूने एक कार्यकर्ता वाकून आला आणि त्यांच्यापुढे चिठ्ठी सरकवली. गात असताना! त्यांनी डोळे उघडून ती वाचली, घडी केली, स्वरमंडळाखाली ठेवली, घाईघाईत द्रुत, म्हणजे जलद लयीतलं गाणं, उरकलं आणि पाच मिनिटांत भैरवी संपवली. दहाला दहा कमी असताना माईक बंद. निवेदिका म्हणाली, "वेळेअभावी आपल्याला इथेच थांबावं लागतंय."

वेळेअभावी! साडेपाचपासून मैदानात वेळच वेळ होता. तो खाल्ला कुणी?

बाहेर पडताना आयोजकांपैकी एकांना गाठलं. ओळखीचे आहेत, माणूस वाईट नाही. म्हणाले, "अहो, तुमचं सगळं बरोबर आहे, पण देणगी त्यांची असते. परवानग्या त्यांच्यामुळे मिळतात. त्यांना थांबवून ठेवता येत नाही." म्हणजे आम्हाला थांबवून ठेवता येतं. कलाकाराला थांबवून ठेवता येतं. देणगीदाराचं नाव कमानीवर लावा, पडद्यावर लावा, पत्रिकेच्या कपाळावर छापा, माझी हरकत नाही. पैशाशिवाय मंडप उभा राहत नाही हे मलाही कळतं. पण देणगी दिली म्हणून मारवा त्यांच्या मालकीचा होत नाही.

दहाच्या नियमावर कुणी खापर फोडू नये. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि मला तो नियम मान्य आहे. मैदानाला लागून असलेल्या घरात आजारी माणूस असतो, परीक्षेची पोरं असतात. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत द्यायची मुभाही राज्याला आहे. या नियमाची किंमत संगीताने मोठी मोजलीय. भीमसेन जोशींनी 1953 साली पुण्यात गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तो रात्रभर चालायचा. रमणबागेत पहाटे थंडीत बसून ललित, भटियार, तोडी ऐकलेली माणसं अजून त्याबद्दल बोलताना हळवी होतात. मध्यरात्रीचा दरबारी, मालकंस, पहाटेचे राग, हे सगळं खुल्या मैफलीतून जवळजवळ हद्दपार झालं. रात्र आपण घालवली. उरली फक्त संध्याकाळ. आणि तीसुद्धा आपण सत्कारांना देऊन टाकली! शेवटची वेळ दगडावरची रेघ आहे हे ज्याला माहीत आहे, तो सुरुवात उशिरा करतो तेव्हा तो जाणूनबुजून कलाकाराचा वेळ चोरतो. मी याला चोरीच म्हणणार.

आणि हे फक्त रागसंगीताचं रडगाणं समजू नका. तमाशाचं काय झालंय ते बघा. फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगावच्या जत्रा करतात. गुढीपाडव्याच्या सुमारास गावकारभारी नारायणगावला राहुट्यांवर जाऊन सुपारी ठरवतात, घासाघीस करून. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग, हा त्याचा क्रम. वग शेवटी येतो. म्हणजे दहाची कात्री नेमकी वगावर पडते. जत्रेत बोर्ड, म्हणजे तमाशाचा मंच, लागलेला, फड तयार, आणि पुढे पुढाऱ्यांचे फेटे बांधणं चाललेलं. गवळण होते, दोन लावण्या होतात, घड्याळात दहा. ज्यात अभिनय आहे, गोष्ट आहे, सोंगाड्याचं खरं काम आहे, तो वग पेटीतच राहतो. नंतर हेच लोक म्हणणार की तमाशात आता काही उरलं नाही, नुसती गाणी असतात. तुम्ही उरू दिलंत का?

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तमाशा बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. भर खेळात कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि प्रेक्षक थांबलेत म्हणून पुन्हा बोर्डावर आल्या. त्यांच्या नावाने आता सरकारी पुरस्कार दिला जातो. ज्या मातीत कलावंताने प्रेक्षकाचा इतका मान ठेवला, तिथे एका पाहुण्याला प्रेक्षकांसाठी वेळेवर यायला जमत नाही?

कोकणात दशावतार अजून रात्र जागवतो. एक बाकडं, पेटी, मृदंग, झांज, एवढ्यावर पहाट होते. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, लोक पांघरुणं घेऊन तिकीट काढून बसतात आणि उजाडता घरी जातात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळ्या त्यावर जगतात. तिथल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. तिथेही अडचणी आहेतच, मी स्वर्ग म्हणत नाही. पण प्रेक्षक तिथे तिकीट काढतो आणि मंडळी त्याला जबाबदार असते. आपल्या शहरांत 'विनामूल्य प्रवेश' छापलं की प्रेक्षकाला सुतळीने बांधून कितीही वेळ बसवता येतं असा समज झालाय. मला तिकीट लावा. खुशाल लावा. पण वेळ पाळा.

आणखी एक. या एकाच रविवारी आमच्या टप्प्यात एक व्याख्यान, एका एकांकिका स्पर्धेची अंतिम फेरी आणि एक कवितांचा कार्यक्रम होता. चारही ठिकाणी तीच माणसं जाणारी. जानेवारी संपेपर्यंत हे असंच, आणि मे-जूनमध्ये सगळं ओसाड. चार संस्थांनी दिवाळीआधी एकदा फोन करून तारखा वाटून घ्यायला काय लागतं? पण प्रत्येकाला तोच रविवार हवा, कारण त्याच रविवारी पाहुणे मोकळे. प्रेक्षक कधी मोकळा आहे हे कुणी विचारत नाही. पोस्टरवरही तेच, वर नऊ पाहुण्यांचे फोटो आणि खाली कोपऱ्यात गाणाऱ्या बाईंचा एक, तोही जुना.

त्या बासरीवाल्या पोराचा विचार आला की राग जातो आणि नुसतं वाईट वाटतं. विशी-बाविशीचा असेल. मारवा असा कुणी महिन्याभरात उभा करत नाही. षड्ज टाळत, रिषभ-धैवतावर तोल धरायला वर्षं जातात. गुरूसमोर बसून, पहाटे उठून, ओठ फुटेस्तोवर त्याने तो केला असणार. सूर्यास्ताची वेळ मिळाली म्हणून आनंदाने आला असणार. आईवडील समोर कुठेतरी बसले असतील. आणि तो मैदानाबाहेर पडला तेव्हा कुणी त्याला "चुकलो" एवढंसुद्धा म्हटलं नाही.

संस्थेला सोमवारी पत्र दिलंय, सही करून, सोबत परवा बसलेल्या अजून काही जणांच्या सह्या आहेत. मागणं साधं आहे. साडेपाच म्हणजे साडेपाचला पहिला स्वर. पाहुणे आले नसतील तर आल्यावर बसतील, सोफा कुठे पळून जात नाही. सत्कार, दीपप्रज्वलन, मनोगत जे काही असेल ते साडेचारला, वेगळं छापून. ज्यांना ऐकायचंय ते येतील. गात्या कलाकाराला चिठ्ठी द्यायची नाही, वेळ आधी सांगायचा आणि तेवढा पूर्ण द्यायचा. साथीदारांची नावं पत्रिकेत, कलाकाराच्या खालोखाल. आणि पुढच्या वर्षी पहिली मैफल त्याच मुलाची, सूर्यास्ताच्या आधी.